जोडणारणीचं नाव

१

माझं नाव राहीबाई. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं सगळं त्या नावावरच आहे.

मी बाळासोच्या तंबू थिएटरात चित्रं तपासते. पावसाळा सोडला तर आठ महिने आमचा तंबू सातारा-सांगलीच्या बाजारगावांतून फिरतो. यंदा, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, पौषापासून तो विट्यात आहे. बाजाराच्या मागं गुळाचं एक जुनं गोदाम होतं. त्यातली पत्र्याची एक खोली बाळासोनं मला दिली. एक टेबल, त्यावर दोन हातचक्र्या, मधे दुधी काच आणि काचेखाली दिवा. समोर खिडकी. पाठीमागं दार, ते मी काम करताना आतून कडी घालून बसते. भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर.

चित्राच्या पेट्या मिरजेहून एसटीच्या टपावरून येतात. दुपारी दोनला मी पेटी उघडते. भरलेलं रीळ डाव्या चक्रीवर, मोकळं उजव्या. उजव्या हातानं फिरवायचं आणि डाव्या हाताच्या दोन बोटांमधून फिल्म सरकू द्यायची. कुठं भोक फाटलंय, कुठं जुना जोड उचकटलाय, ते बोटांना कळतं. डोळे मिटले तरी चालतं. माझं वय सहासष्ट. माझ्यासारखा जोड ह्या दोन जिल्ह्यांत कुणाचा नाही, आणि ज्याला शंका असेल त्यानं येऊन बसावं माझ्याशेजारी.

म्हणून त्या दिवशी बाळासो दारात येऊन जे बोलला ते मला झोंबलं.

"बाई, काल पाच नंबरात आवाज गेला."

"गेला म्हंजे?"

"गेला म्हंजे गेला. देव बोलत हुता, मधीच मुका झाला. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. मग परत बोलाय लागला."

"किती वेळ?"

"शिंक येऊन जाती, तेवढाच."

"मशीन बघ तुझं."

"मशीन ठणठणीत हाय. तुमचा जोड बघा."

"माझा जोड? बाळासो, तू चड्डीत हुतास तवापासनं जोड घालतीय मी. माझ्या जोडानं कुणाचा देव मुका झाला न्हाई आजवर."

तो हसत गेला. मी पाच नंबरचं रीळ चक्रीवर चढवलं.

२

अर्धं रीळ गेल्यावर बोटाला जोड लागला. मी न घातलेला. त्याच्यापुढं दोन हातांवर आणखी एक.

मधला तुकडा मी दुधी काचेवर घेतला. बोलपटाच्या फिल्मला एका कडेनं आवाजाची बारीक पट्टी असते. ह्या तुकड्याला ती नव्हतीच. चित्र ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेलं. असं फक्त मुक्या चित्रांत असायचं, आणि मुकी चित्रं संपून चाळीस वर्षं झाली. नाकाजवळ नेला तर कापराचा वास. जुन्या फिल्मच्या अंगात कापूर असायचा. पेटली की विझायची नाही. पाण्यात बुडवली तरी पाण्याखाली जळत राहायची. तसली फिल्म आता कुणी करत नाही.

आता एक गोष्ट नीट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जोड घालायचा तर फिल्मच्या ज्या बाजूवर चित्र असतं ती मसाल्याची बाजू खरवडावी लागते. ती कुठली, हे ओठांना विचारायचं. फिल्मची कड दोन ओठांत धरायची. मसाल्याची बाजू ओठाला चिकटते, दुसरी चिकटत नाही. एक चिकटणार, एक सुटणार. ह्यात कधी चूक होत नाही. मग जिभेच्या टोकानं मसाला ओला करायचा, पात्यानं खरवडायचा, आणि औषध लावून दाबायचं. म्हणजे प्रत्येक जोडात जोडणाऱ्याची थुंकी असते. चित्र बघणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

मी जोड उचकटला आणि सवयीनं कड ओठांत धरली.

मिसरीची चव लागली. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची, कडू आणि ओलसर.

मी जन्मात मिसरी लावलेली नाही. ज्या बाईचा तो जोड होता, ती दिवसातून चार वेळा लावायची. आणि जोडही तिचाच होता, कारण तिचं पातं उजव्या कोपऱ्यात नेहमी तिरकं जायचं. मी हजारदा सांगूनसुद्धा.

काचेवर वाईचा घाट होता. कृष्णेत उतरणाऱ्या पायऱ्या. सातव्या पायरीवर एक बाई पाठमोरी बसलेली, डोक्यावर पदर. शेवटच्या चार चौकटी पांढुरक्या होत गेलेल्या. हातानं फिरवायच्या कॅमेऱ्याचं असं असतं. हात मंदावला की उजेड जास्त शिरतो. मनुबाईचा उजवा खांदा दुखरा होता. तिचा हात प्रत्येक वेळी शेवटाला मंदावायचा.

मनुबाई मरून तेहतीस वर्षं झाली होती.

३

मी चौदा वर्षांची असताना सांगलीच्या एका फिल्म कंपनीत आले. मालक लालासाहेब. त्यांना घाटावरून नदीत उडी घेईल अशी पोरगी हवी होती. वाईकडची पोर मी, कृष्णेत पोहायला आईनं कमरेला भोपळा बांधून शिकवलेलं. उडी घेतली आणि नटी झाले. आठ वर्षांत वीस चित्रांत काम केलं. शाळा पाहिली नाही. अक्षरं शिकले ती पडद्यावरच्या पाट्यांवरून. मुक्या चित्रात माणसं ओठ हलवायची आणि मग काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत त्यांचं बोलणं यायचं. एका पाटीवर मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी. चारी भाषांची अक्षरं मी तशी उचलली. फिल्म उलटी धरली तर उलटी अक्षरंही वाचायची.

मनुबाई मिरजेची. कंपनीत जोडणारीण म्हणून आली. गणपतीच्या देवळामागं एका खोलीत आम्ही दोघी आठ वर्षं राहिलो. लोकांत ती मला बाई म्हणायची, खोलीत राहे. मी तिला मने. जोड घालायला मला तिनं शिकवलं आणि तिच्याहून चांगला घालायला मी शिकले. तिला अक्षर येत नव्हतं. एकदा म्हणाली, "राहे, माजं नाव कसं दिसतंय ते तरी दाव." मी पाटीवर लिहून दिलं. चार महिने ती तेवढंच गिरवत होती.

मग मी स्वतः चित्र काढलं. 'नदीची सून'. पूर येऊ नये म्हणून एका पोरीचं लग्न नदीशी लावतात, अशी गोष्ट. गोष्ट माझी, पाट्या माझ्या, कुठं कॅमेरा ठेवायचा ते मी सांगायची. लालासाहेब फक्त घोडागाडीतून येऊन बघून जायचे. सुनेचं काम माझं, आणि जिथं मी पडद्यावर होते तिथं कॅमेऱ्याचा दांडा मनुबाईनं फिरवला. जोडणी सगळी तिची.

शेवटी नावांची पाटी करायची वेळ आली. 'दिग्दर्शन – राहीबाई'. रंगाऱ्यानं सुंदर अक्षर काढलं होतं. मनुबाई बराच वेळ बघत उभी राहिली.

"राहे, एक पाटी माजी बी करशील? ल्हान. खाली कुटंतरी."

मी हसले. "येडी का काय, मने? जोडणारणीचं नाव कोण वाचतंय?"

ती फडक्यानं पातं पुसत बसली.

सांगलीत पहिल्या खेळाला मी बायकांच्या जागेत बसले होते. पडद्यावर पाटी आली. 'दिग्दर्शन – लालासाहेब'. मी तशीच उठले. लालासाहेब दारातच उभे होते.

"तुमची पाटी मनुबाईनं कापून नेली," ते म्हणाले. "मोकळ्या जागी काहीतरी घालायला नको का?"

मी खोलीवर गेले. मनुबाई चुलीपुढं होती. विचारलं नाही. तिचं बोचकं रस्त्यावर फेकलं. तिनं बोचकं उचललं, त्यातून एक पत्र्याचा डबा पडला होता तो काखेत घेतला आणि गेली. मागं वळून एकदा म्हणाली, "इचारलं असतंस तर." बस्स.

वर्षभरात चित्राच्या सगळ्या प्रती बांगड्या करणाऱ्यांकडं गेल्या. मसाला धुवून काढला की फिल्मच्या बांगड्या व्हायच्या तेव्हा. माझं चित्र जिल्ह्यातल्या बायकांच्या हातात किणकिणत फिरलं. मी आजतागायत काचेशिवाय दुसरी बांगडी घातली नाही. पुढं बोलपट आले, माझं बोलणं ऐकून लोक हसले, आणि नटी राहीबाई संपली. बाई राहिली, तिला जोड घालता येत होते.

एकेचाळीस साली मिरजेहून कार्ड आलं होतं. मनुबाई आजारी आहे, बघायला बोलावलंय. मी कार्ड फाडलं. फसवलेल्या माणसानं फसवणाऱ्याच्या उशाशी का बसायचं, हे मला कुणी समजावून सांगावं.

४

पहिला तुकडा सापडला त्याच आठवड्यात पुण्याहून पत्र आलं. जुनी चित्रं गोळा करणारे एक साहेब. लिहिलं होतं की, 'नदीची सून' ह्या चित्राची एक छापील पुस्तिका त्यांना मिळाली आहे, त्यात दिग्दर्शक लालासाहेब असं आहे. सातारकडची जुनी माणसं मात्र ते चित्र एका बाईनं काढलं असं सांगतात. माझ्याकडं काही पुरावा असेल तर दाखवावा, म्हणजे कायमच्या नोंदीत तसं लिहिता येईल. चोवीस मार्चला सकाळी येतो.

पत्र चार वेळा वाचलं. कायमच्या नोंदीत! त्रेचाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले, आणि लोक 'असेल बाई' म्हणत चहा प्यायला गेले. मला फक्त ती एक पाटी हवी होती.

आणि तुकडे येत होते. दर पेटीत एक. चित्र कुठलंही असो, पौराणिक, मारामारीचं, तमाशाचं, पाचव्या रिळात दोन हात लांबीचा मुका तुकडा. दोन्ही बाजूंना तिरका जोड. मी तो काढायची, बोलपट नीट जोडायची आणि तुकडा एका मोकळ्या रिळावर चढवायची. बाळासोचा आवाज परत गेला नाही. त्याला मी काही सांगितलं नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. मी स्वतः भुतं केलीत, पांढरं लुगडं आणि गव्हाचं पीठ. मी हिशेब मांडला. मिरजेत पेट्या भरतात, मनुबाई मिरजेची, तिचं कुणीतरी तिथं कामाला असणार. तिचा डबा त्याच्या हाती लागला असणार. म्हातारीला मरणाआधी पश्चात्ताप झाला असेल, देऊन टाका म्हणाली असेल. म्हणजे पाटीसुद्धा त्याच डब्यात. ती येईल. फक्त चोवीसच्या आत यायला हवी.

पहिले तीन तुकडे माझ्याच चित्रातले होते. प्रत्येक मला पाठ. घाट, पाठमोरी बाई. मग तीच बाई आठव्या पायरीवर. मग पाण्यात ओला झालेला पदर.

चौथा तुकडा काचेवर घेतला आणि हात थांबला.

एक खोली. टेबल. दोन चक्र्या. एक बाई पाठमोरी बसलेली, डोक्यावर पदर नाही, पांढऱ्या केसांचा अंबाडा. समोर खिडकी. भिंतीवर कॅलेंडर. भिंग लावलं. खताचं पोतं डोक्यावर घेतलेला शेतकरी आणि खाली १९७४.

चौकट कडेपासून कडेपर्यंत भरलेली. कापराचा वास. शेवटच्या चार चौकटी पांढुरक्या.

कॅमेरा तिथं होता जिथं माझ्या पाठीमागचं दार आहे. मी उठून दार बघितलं. कडी लावलेली होती. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर बाजारात कुणीतरी कलिंगड थापटून बघत होतं, तो आवाज येत होता.

५

मी मिरजेला गेले. रागानं गेले, भिऊन नाही. हे लिहून ठेवते.

मनुबाईची भाची पारूबाई तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत राहते. नवरा सतारीच्या भोपळ्यांचं काम करतो. अंगणभर भोपळे वाळत घातलेले, अर्धे कापलेले, तोंड वासून. मी नाव सांगितलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"तुमी व्हय त्या. या, बसा."

"बसाय न्हाई आले. फिल्म कोण पाठवतंय?"

"कसली फिल्म?"

"मनीच्या डब्यातली."

"आवं बाई, तो डबा आत्यासंगट गेला. सरणावर उशाशी ठिवला. तिनंच सांगितलं हुतं. आगीन दिली आन् असा पांढराफेक भडका उडाला, आमचा बा सांगायचा, मानसं घाट सोडून पळाली. मग वरनं पाऊस आला. सरण इझलं, पर डबा पान्यात जळत हुता म्हनं."

मला कुठंतरी टेकावंसं वाटलं. भोपळ्यांशिवाय काही नव्हतं.

"काय होतं त्यात? बघितलं होतंस तू?"

"मी बारा वर्सांची हुते. इचारलं हुतं तिला. म्हनाली, राहीचं नाव हाय. म्हनायची, तिनं माजं घातलं न्हाई, म्हून मी तिचं ठिवलंय. मागाय आली तर देनार. पर तिनं आलं पायजे." पारूबाईनं एक भोपळा सरळ केला. "कार्ड मीच टाकलं हुतं. धा दिस दाराकडं त्वांड करून पडली हुती. तुमी आला न्हाईत."

"चोरानं घातलेल्या अटी मी पाळत नाही," मी म्हटलं. "माझं नाव होतं ते. ठेवायला दिलेलं मंगळसूत्र न्हवं. तिनं कापलं म्हणून त्या लालासाहेबाला जागा मिळाली. आठ वर्षं एका ताटात जेवलो आम्ही."

"व्हय," पारूबाई म्हणाली. "ती बी तसंच म्हनायची. आठ वर्सं एका ताटात."

मी उठले. ती अंगणाच्या कडेपर्यंत आली. मग जरा अवघडून म्हणाली, "बाई, एक इचारू? तुमी मिसरी कवापासनं लावाय लागला?"

मी पदरानं ओठ पुसले. पदराला काळं लागलं.

६

विट्यात परतल्यावर मी टेबल फिरवलं. आता माझी पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडं. पाठीमागं वीतभरही जागा नाही. बाळासो म्हणाला, "उजेड कसा गावंल तुमाला असा?" मी म्हटलं, "तुझं तू बघ."

पुढच्या पेटीतला तुकडा भिंतीच्या बाजूनं घेतलेला होता.

माझी मान, अंबाडा, अंबाड्यातला पिवळा काटा. इतक्या जवळून की काट्यावरचा चरा दिसत होता. माझ्या पाठीत आणि भिंतीत तेव्हा बोटभर अंतर होतं. मी हातानं चाचपून बघितलं. चुना गार होता.

तरी मी काम सोडलं नाही. का सोडू? पळून जाणं सोपं होतं, सातारची गाडी दर तासाला आहे. पण पाटी राहिली होती. जे काही मागं उभं होतं त्याच्याकडं माझं नाव होतं, आणि ते मला एकेक हात देत होतं. मी भीत होते आणि वाट बघत होते. दोन्ही एकदमच. पेटी यायच्या वेळेला माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, हे सांगायची लाज वाटते. कडू पाणी.

तेवीस मार्चला पेटी आली. पाचव्या रिळात नेहमीच्या जागी जोड. तुकडा काचेवर घेतला.

खोली. मी टेबलाशी, ह्या वेळी समोरून. फिल्म ओठांत धरलेली. मग एक जोड. मग काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. रंगाऱ्याचं तेच वळण, 'ह'च्या पोटातली तीच गाठ. दिग्दर्शन – राहीबाई.

रडले नाही. पण खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. आहे का बघायला. होती.

पाटी तीनच चौकटींची होती. ती तेवढी कापून घ्यावी, आधीची खोली कुणाला दाखवू नये, असं मनात आलं. पण कापलं तर जोडाबरोबर एक चौकट जाते, आणि जोड ओला होता. त्रेचाळीस वर्षांपूर्वी कापलेल्या पाटीचा जोड आता, ह्या मिनिटाला घातल्यासारखा ओला. ओढला असता तर अक्षरं पुसली असती. वाळेपर्यंत हात लावायचा नाही, एवढं मला कळत होतं.

बाजू बरोबर लागलीये का तेवढं बघावं म्हणून मी कड ओठांत धरली.

वरचा ओठ चिकटला. तो चिकटायचाच.

खालचाही चिकटला.

मी फिल्म ओढली. दोन्ही ओठांची साल निघाली. खाली गुळगुळीत बाजू होती, तिला काही चिकटत नाही. कधीच नाही. मी दाराकडं बघत राहिले. माझ्या आणि दाराच्या मधे टेबल होतं, टेबलावर फिल्म होती, आणि फिल्मचं दुसरं टोक हललं नाही.

७

साहेब चोवीस तारखेला अकराच्या गाडीनं आले. तरुण, चष्मेवाले, खिशात स्वतःचं भिंग. बाळासोनं चहा आणला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. इतकी वर्षं ज्याला 'असेल बाई' म्हणत आला, ते खरं निघतंय का बघायला.

मी सगळे तुकडे एका रिळावर जोडले होते. साहेबांनी हातमोजे घातले. फिल्म हातात घेतल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला.

"ही कुठं मिळाली तुम्हाला? ही तर... बाई, ही फार जुनी फिल्म आहे."

"माझी आहे," मी म्हटलं.

त्यांनी शेवटाकडून सुरुवात केली. पाटी खिडकीसमोर धरली. भिंग लावलं. ओठ हलवत वाचलं.

"नाव आहे खरं," ते म्हणाले.

बाळासोनं कपाळाला हात लावला. "आयला, बाई!" मी त्याच्याकडं बघितलं. कसं बघितलं असेल ते त्यालाच ठाऊक. त्रेचाळीस वर्षांचं एका नजरेत बघितलं.

साहेबांनी फिल्म मागं सरकवली. आधीच्या तुकड्यावर आले आणि थांबले.

"हे नंतरचं कुणीतरी जोडलंय का? खोली आहे ही. आणि ह्या दोघी?"

"एकच आहे ती. मी आहे."

"दोघी आहेत बाई."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. खरं तर मी घ्यायला नको होतं.

मी टेबलाशी बसले होते. फिल्म ओठांत. काल मी एवढंच पाहिलं होतं. आता टेबलाच्या ह्या बाजूनं, कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई वाकली होती. ओला पदर. चेहरा दिसत नव्हता. फक्त हनुवटी आणि एक काळा ओठ. फिल्म एकच होती. त्याच कडेला, खालच्या बाजूनं, तिचा ओठ टेकलेला. पुढच्या चौकटीत तसाच. त्याच्या पुढच्या चौकटीत पदर जरासा वळला होता, भिंगाकडं.

मी भिंग खाली ठेवलं.

साहेबांनी वही उघडली होती. पेनाचं टोपण काढलं. मोठ्या आदरानं म्हणाले, "मग नोंदीत नाव काय लिहू, बाई? तुमच्या तोंडून ऐकायचंय."

एवढ्यासाठी मी जगले होते. मी तोंड उघडायला गेले. ओठ उघडले नाहीत. साल गेली होती तिथं वरचा खालच्याला चिकटून बसला होता, ओला, कडू. मी जीभ लावून सोडवायला बघितलं.

मी बोलले नाही. हे मी शपथेवर सांगते. माझ्या तोंडातून एक अक्षर बाहेर पडलं नाही.

साहेबांनी मान हलवली, "वा," म्हणाले, आणि लिहून घेतलं.

ते गेल्यावर बाळासो पेले गोळा करत होता. "लय झ्याक झालं, बाई. पर आज आवाज किती मऊ काढला वो. वळकलाच न्हाई मी."

ओठ सुटले होते. "काय म्हटलं मी?"

"नाव सांगितलं की."

"कुठलं, बाळासो?"

तो हसला. "आवं, तुमचंच. आनि कुनाचं सांगनार?"

८

पुण्याला मी तीन पत्रं टाकली. नोंदीत काय लिहिलं ते कळवा. उत्तर आलेलं नाही. त्यानंतर पाचव्या रिळात काही येत नाही. आवाज कुठं जात नाही. टेबल मी परत खिडकीकडं वळवलं. मिसरीचा डबा बाळासोनं बाजारातून आणून ठेवला, मी सांगितलं होतं म्हणतो. मी सांगितलेलं नाही.

तिनं मला फसवलं, हे मी आजही म्हणते. मला क्षमा वगैरे करता येत नाही आणि कुणी शिकवूही नये. एक पाटी मागितली होती तिनं, ल्हान, खाली कुठंतरी. ती मी दिली नाही, हेही खरं आहे. पण म्हणून माझी घ्यायची?

साहेबांची वही मी पाहू शकत नाही. म्हणून हे सगळं स्वतःच्या हातानं लिहिलं, चौदा दुपारी बसून, पाट्यांवरून शिकलेल्या अक्षरांत. फिल्म दुसऱ्याच्या हातात जाते, कापली जाते, बांगड्या होतात. कागदाचं तसं नाही. खाली माझं नाव मी घातलं आहे. रंगारी घालायचा तसं ठळक, तीनदा गिरवून. छापणाऱ्यांना हात जोडून सांगते, तेवढं आहे तसं छापा. त्यात काही बदलू नका.

– मनुबाई